तिसऱ्या कोनातली खुर्ची

सांत्वनाला गेलेल्या माणसाने कसे वागावे, याचे काही संकेत समाजाने घालून दिलेले आहेत. आवाज खाली ठेवावा, फार विचारपूस करू नये आणि निघताना "येतो" म्हणू नये. आमचे शेजारी बागूलकाका हे सारे संकेत पाळत. आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा काका त्यांच्या घरी रीतसर जाऊन बसले. कोपऱ्यात टेपरेकॉर्डरवर गीतेचा अध्याय चालू होता. काकांनी थोडा वेळ मान खाली घालून ऐकले. मग ते उठले, टेपरेकॉर्डरचे तोंड कपाटाकडून खोलीकडे वळवले, त्याच्याखाली चौरंग सरकवला, पुन्हा जागेवर येऊन बसले आणि आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता बसला. मघाशी भिंतीला डोकं आपटत होता बिचारा."

मुलाने वडिलांच्या आत्म्याविषयी काही आध्यात्मिक समाधान मिळाल्यासारखा त्यांचा हात घट्ट धरला. काका बोलत होते ते आवाजाविषयी.

आवाज हा काकांच्या दृष्टीने पाहुणा होता. "पाहुणा आला की आपण काय करतो? त्याला धड जागी बसवतो. दाराआड उभं करत नाही, की कपाटामागे कोंबत नाही. मग आवाजाचंच काय घोडं मारलंय?" हा त्यांचा सिद्धान्त, आणि तो ते ज्याच्या त्याच्या घरी राबवून दाखवत. हळदीकुंकवाला काकूंना सोडायला म्हणून आलेले काका यजमानांचा टीव्ही तिरका करून जात. गणपतीच्या मंडपात आरती संपेपर्यंत ते स्वतःला आवरत, पण प्रसाद हातावर पडताच कर्ण्याच्या खांबाकडे चालू लागत. "जागेवर आहे का?" हा प्रश्न ते माणसांच्या प्रकृतीविषयी कमी आणि स्पीकरविषयी अधिक वेळा विचारत.

काका मूळचे सटाण्याकडचे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सारी नोकरी उपकरणे तपासण्यात गेली, तीही काचेच्या बंद खोलीत, जिथे टाचणी पडली तरी नोंद व्हावी अशी शांतता असे. नव्वदचे दशक संपत आले असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इंदिरानगरातल्या आपल्या रो-हाऊसच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला. दारावर पाटी लावली: "रेकॉर्डिंग चालू असताना बेल वाजवू नये. बंद असतानाही वाजवू नये."

आमची आणि त्यांची भिंत सामाईक होती. मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा हे माझे एकमेव ध्येय होते. मला संगणक हवा होता. आमच्या गल्लीत तो फक्त काकांकडे होता. काकांना संगणक शिकवणारे माणूस हवे होते. त्यामुळे आमच्यात एक करार झाला: सकाळी माझे काम, दुपारी त्यांचे, आणि मध्ये काकूंचा चहा. या कराराचे एक अलिखित कलम मला नंतर कळले. खोलीतल्या कोणत्याही वस्तूला धक्का लावायचा नाही.

त्या खोलीचे वर्णन करणे आवश्यक आहे. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून काकांनी चारी भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. काकूंनी जुन्या साड्यांच्या शिवलेल्या त्या गोधड्या एकूण एक भिंतीवर गेल्यामुळे हिवाळ्यात मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना चादरीवर भागवावे लागे. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर होते. त्यांना उंची मिळावी म्हणून खाली दिंडोरीच्या मावसभावाकडून आणलेले द्राक्षांचे क्रेट रचले होते, आणि क्रेट हलू नयेत म्हणून त्यांत नदीतले गोटे भरले होते. गायकासाठी एका कोनाड्यात माईक आणि स्टूल होते. या साऱ्याच्या मधोमध, दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर, एक वेताची खुर्ची होती.

"तिन्ही बाजू सारख्या," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. शिवणाची टेप त्यांच्या गळ्यात डॉक्टरच्या नळीसारखी लोंबत असे. "हा स्पीकर एक कोन, तो दुसरा आणि ऐकणारा तिसरा. तिसऱ्या कोनात बसलं की गाणारी बाई मधोमध दिसते."

"दिसते?"

"दिसते म्हणजे दिसतेच. बस नको, नुसती कल्पना कर."

यामागचे शास्त्र मला ठाऊक होते. दोन्ही कानांना सारखाच निरोप सारख्याच वेळी पोचला की मेंदू त्या दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक माणूस उभा करतो. मी ते काकांना आकृती काढून सांगितले. त्यांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या पुस्तकालाबी बाई दिसते. बरं झालं."

संगणकाच्या पडद्याचा प्रश्न मात्र अवघड होता. त्या काळचा पडदा म्हणजे पाठीमागे मोठे कुबड असलेला काचेचा डबा. तो काकांनी आधी दोन स्पीकरांच्या मध्ये ठेवला, तर बाईच्या जागीच तो येऊन बसला. मग एका स्पीकरला चिकटून ठेवला, तेव्हा त्यावरच्या देवीच्या चित्राचा अर्धा चेहरा हिरवा आणि मुकुट जांभळा झाला. काकू दारातून पाहून म्हणाल्या, "हिला कावीळ झाली वाटतं." स्पीकरमधल्या चुंबकाने पडद्यावरचे रंग भरकटतात, हे मी समजावून सांगितले, आणि त्या घरातली माझी पत एकदम वाढली. शेवटी काकांनी पडदा खोलीच्या डाव्या कडेला, जमिनीलगतच्या पाटावर ठेवला. त्यामुळे आवाजाची वाट मोकळी झाली, पण काकांना विहिरीत पाहिल्यासारखे वाकून काम करावे लागे. मानेला पट्टा लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "वजन उचलता का?" काका म्हणाले, "नाही, बाईला जागा दिली."

यावरून वाचकांच्या लक्षात आले असेल की काका स्वतः त्या मधल्या खुर्चीत बसत नसत. मलाही हे पहिल्यापासून खटकत होते. जो माणूस जगातले सारे स्पीकर त्या एका बिंदूसाठी मांडतो, तोच तो बिंदू सोडून बाजूला वाकून बसतो, हे मला तर्कात बसवता येईना. गायकांना, वादकांना, कॅसेट काढणाऱ्या शेटजींना, कुणालाच तिथे बसायची परवानगी नव्हती. ती खुर्ची कमलकाकूंची होती.

गाणे पुरे झाले की काका दारात जाऊन हाक मारत, "ये वं." काकू गॅस बारीक करून, हात पदराला पुसत येत, खुर्चीत बसत आणि डोळे मिटत. काका गाणे लावत. खोलीत कुणी हलत नसे. गाणे संपले की काकू डोळे उघडून दोनच शब्दांत निकाल देत: "बाई बसली" किंवा "नाही बसली." नाही बसली म्हणाल्या की काका एकही प्रश्न न विचारता पुन्हा कामाला लागत. एकदा एका नामांकित तबलजींनी हसत हसत विचारले, "वहिनींनी कुठं शिक्षण घेतलंय?" काका म्हणाले, "तुमचा डग्गा उतरलाय हे तिनं तुम्ही चप्पल काढत होता तेव्हाच सांगितलं मला." तबलजींनी डग्गा तपासला, आणि पुढची सारी दुपार ते काकूंशी वाकून बोलत राहिले.

काकूंच्या कानाची ही ख्याती खरी होती. त्यांनी संगीताचा एक धडा घेतलेला नव्हता. परंतु कोणत्या गायिकेने श्वास चुकीच्या जागी घेतला, कुठे टाळ एकाच्या ऐवजी दोघे वाजवत आहेत, हे त्यांना सहज कळे. एरवी त्या फारच कमी बोलत. गल्लीत तर त्या शिष्ट म्हणून प्रसिद्ध होत्या. "हाक मारली तरी वळून पाहत नाही हल्ली, कॅसेटवाली झाली ना," असे माझी आईसुद्धा म्हणाली होती.

काकांचा मुख्य ग्राहक म्हणजे रविवार कारंजाजवळचे सोनजेशेठ. लग्नाची गाणी, अहिराणी गाणी आणि सप्तशृंगी गडाच्या देवीची गाणी यांच्या कॅसेटी ते काढत. चैत्राच्या यात्रेत गडाच्या पायथ्याशी त्यांचा माल खपे, आणि चैत्राचे काम ज्याला मिळेल त्यालाच ते वर्षभराचे काम देत. त्या वर्षीच्या माघात शेठ दुकानातला टू-इन-वन काखेत मारून काकांकडे आले. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, नुकतीच झालेली कॅसेट लावली आणि म्हणाले, "बागूल, तुमची बाई गडाच्या पायऱ्या डाव्या कठड्याला धरूनच चढते का हो?"

काकांनी सवयीने टू-इन-वनचे तोंड गल्लीकडून आपल्याकडे वळवले.

"मागच्या दिवाळीपासून बघतोय. आधी वाटलं आमचाच डबा खराब. तीन दुकानांत लावून पाहिली. सगळीकडं बाई डाव्या दाराशी. गिऱ्हाईक हेडफोन लावतं नि म्हणतं, उजव्या कानात नुसते टाळ. चैत्राची कॅसेट अशी आली तर मी काय सांगू लोकांना, देवीनं कूस बदलली?"

"दुरुस्त करतो," काका म्हणाले.

"करा. नाहीतर कॉलेज रोडला नवीन एसी स्टुडिओ झालाय. तिथं चहासुद्धा मशीनमधून येतो."

शेठ गेल्यावर काका मला म्हणाले, "खोलीत काहीतरी दोष असेल. तू बघ जरा." मला हे काम मनापासून आवडले. दोष, खोली आणि मोजपट्टी. परीक्षेच्या अभ्यासापेक्षा हे निश्चितच अधिक जिवंत होते. काकू भाजीला बाहेर पडल्या तेव्हा मी टेप घेऊन बसले.

पहिल्याच मोजणीत आश्चर्य निघाले. ज्या त्रिकोणाची काका वर्षभर महती सांगत होते, तो समभुज राहिलाच नव्हता. डावा स्पीकर खुर्चीच्या कितीतरी जवळ आला होता. क्रेटच्या मागे फरशीवर जुन्या जागेचे ओरखडे होते, एकामागे एक, सारे खुर्चीच्या दिशेने सरकलेले. ॲम्प्लिफायरवर डाव्या बाजूचे बटण टोकापर्यंत फिरवलेले होते. तेही पुरेना झाले तेव्हा काकांनी गाण्यातच डावीकडचा आवाज चढवला होता. जमिनीलगतच्या पडद्यावर बाईच्या आवाजाची वरची, म्हणजे डावीकडची, लाट उंच आणि खालची बुटकी दिसत होती. खोलीच्या दोषाने असे क्रमाक्रमाने होत नाही. भिंती एका ऋतूत थोड्या आणि दुसऱ्या ऋतूत जास्त वाकड्या होत नसतात. क्रमाने काही झीज होत असेल, तर ती सजीव वस्तूची असते.

मी गाणे लावून त्या खुर्चीत बसले. बाई स्पष्टपणे डावीकडून गात होती. म्हणजे जिला ती मधोमध दिसत होती, तिचा डावा कान तेवढा मंदावलेला असला पाहिजे. मग इतर निरीक्षणे आपोआप रांगेत येऊन उभी राहिली. काकू फोनचा रिसीव्हर नेहमी उजव्या कानाला लावत. ओट्यावर त्या भिंतीकडे डावी बाजू करून बसत. आणि गल्लीतून भाजी घेऊन येताना आमची घरे त्यांच्या डाव्या हाताला येत. शिष्टपणाचा तो सगळा लौकिक आमच्या बाजूच्या घरांतच होता. समोरच्या ओळीतल्या बायकांची काही तक्रार नव्हती.

मी काकांना म्हणाले, "काका, खोली निर्दोष आहे. काकूंच्या डाव्या..."

"टेप गुंडाळ," काका म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून ती घेऊन गळ्यात अडकवली आणि पाटावर बसले. "मोजमाप तुझं बराबर शे. मला दिवाळीपासून माहीत आहे."

"मग त्यांना सांगितलं का नाही? कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं."

"सांगितलं की ती त्या खुर्चीत बसायची नाही."

"तोवर दुसरी युक्ती करता येईल. स्पीकर अजून जवळ घ्या, डाव्याला वेगळा ॲम्प्लिफायर लावा. काकूंना बाई मधोमध दिसेल आणि कॅसेटही सरळ राहील."

"तेच करत होतो इतके दिवस. आता काय, स्पीकर तिच्या मांडीवर देऊ? धर म्हणू, बाळ रडतंय?"

मी अर्थातच पुढचा उपाय सुचवला: काकूंचा निकाल ऐकून घ्यायचा आणि त्या स्वयंपाकघरात गेल्यावर गाणे नीट करायचे. काकांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी देवाला दाखवलेला नैवेद्य उष्टा करायला सांगितले होते.

"तिच्या मागं बदललं तर ती खुर्ची खोटी झाली ना," ते म्हणाले. "तू बघ, तिच्या माहेरी सात भावंडं. लग्न ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. मीबी नाही विचारलं. ओझरला क्वार्टर घेतली, इंदिरानगरला घर घेतलं, पोरीचं लग्न केलं, सगळं आम्ही पुरुषांनी बसून ठरवलं. ती 'बरं' म्हणायची. ह्या खुर्चीत बसून तिनं मला पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. मोठमोठ्या लोकांसमोर. त्या दिवशी ती घरात चालली कशी, ते तू बघायला पाहिजे होतं." मग म्हणाले, "शेठचं काम गेलं तर स्टुडिओ गेला. ते मला समजतंय. पण हिला मी 'आता तू ऐकू नको' कोणत्या तोंडानं सांगू?"

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि चैत्र जवळ येत होता.

फाल्गुनात एका सकाळी चैत्राच्या कॅसेटचे पहिले गाणे ऐकायला शेठ आले. काकू नुकत्याच ते ऐकून "बाई बसली" म्हणून उठल्या होत्या. शेठ थेट त्या खुर्चीत जाऊन बसले. काकांचा हात त्यांना अडवायला पुढे झाला आणि हवेतच थांबला. गाणे सुरू झाले. शेठ पायाने ठेका धरत होते; तो हळूहळू मंदावला.

"तेच," ते म्हणाले. "डावीकडे. वहिनी, तुम्ही ऐकलंत ना? तुम्हीच सांगा."

काकू दारात उभ्या होत्या. "मधोमध तर होती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी शेठकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मला तरी तशीच वाटली."

"मग तुमच्या नि माझ्यात कुणाचा तरी कान..."

"माझा," काका म्हणाले.

आम्ही तिघेही त्यांच्याकडे पाहू लागलो.

"माझा डावा कान गेलाय, शेठ. कारखान्यात इंजिनापाशी उभं राहून राहून गेला. मला डावीकडचं कमी येतं म्हणून मी ती बाजू वाढवत बसलो. हिला कळत होतं, पण मी म्हणतो ते खरं म्हणून गप्प राहिली. आता माणसासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडणार ती?"

इंजिनापासून अर्धा मैल दूर, काचेच्या खोलीत ज्याची नोकरी झाली, तो माणूस हे सांगत होता. परवाच आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बिघडणार असल्याचे त्याने मधल्या भिंतीतून ओळखले होते. मी तोंड उघडले. काकांनी माझ्याकडे न पाहता गळ्यातली टेप काढली आणि ती शांतपणे बोटाला गुंडाळू लागले. मी तोंड मिटले.

शेठने कपाळाला हात लावला. "अहो, हलवायाला मधुमेह चालतो. रेकॉर्डिंगवाल्याला बहिरेपण कसं चालेल? आधी नाही का सांगायचं?" मग आपण बहिऱ्याशी बोलत आहोत याची आठवण होऊन ते मोठ्याने म्हणाले, "आठवडाभर देतो. जुना माणूस म्हणून. सरळ झाली तर ठीक, नाहीतर मी कॉलेज रोडला चाललो." जाताना दारातून पुन्हा ओरडले, "कॉलेज रोडला."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मग त्या चहा घेऊन आल्या आणि तो काकांच्या उजव्या हाताला ठेवला. तिथेच उभ्या राहून त्या अहिराणीत म्हणाल्या, "मन्हा बी डावाच गयेल शे."

काकांनी कप उचललाच नाही.

"गेल्या उन्हाळ्यापासून," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू नवऱ्याला थेट सांगणे अवघड जात होते. "आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, बोललं तर हे खुर्ची उचलून ठेवतील. ह्यांना माणसाच्या कानाचंच काम. बिनकानाची बाई घेऊन काय करायची ह्यांना?" आणि मग त्या चक्क हसल्या. "आता दोघंबी सारखेच. मला कुठं माहीत, हेबी लपवून बसलेत."

पुढचा उपाय काकूंनी काढला. लुगड्याची घडी घालताना दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, तसे आपण बसू, असे त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः आपली वेताची खुर्ची उचलून दोन स्पीकरांच्या मधल्या जागेत नेली, उजव्या अंगाने एका स्पीकरकडे वळवली, आणि तिच्यासमोर स्वयंपाकघरातले स्टूल आणून ठेवले. दोन्ही स्पीकर त्या दोघांच्या दोन बाजूंना आले. "माझा चांगला कान ह्या स्पीकरकडं. तुम्ही समोर बसलात की तुमचा चांगला कान त्या स्पीकरकडं. झाले की दोन कान. मला इकडं बाई किती येते ते मी सांगते, तिकडचं तुम्ही सांगा. सारखी भरली की बसली."

मी ते कागदावर तपासले. रचना पूर्णपणे निर्दोष होती. तिच्यातले एक गृहीतक तेवढे खोटे होते, आणि ते माहीत असलेल्या दोघांपैकी एक जण स्टुलावर बसून घसा साफ करत होता.

पडद्यांचीही फेरमांडणी झाली. एक बंद पडलेला संगणक क्लास सामान विकत होता, तिथून काकांनी दुसरा पडदा आणला आणि एकाच चित्राच्या दोन वाटा केल्या. एक पडदा काकूंच्या खांद्यामागे, एक काकांच्या; म्हणजे दोघांनाही समोरच्या माणसाच्या डोक्याशेजारी बाईच्या लाटा दिसाव्यात. मग आठवडाभर आमच्या भिंतीतून वाटाघाटी ऐकू येत.

"माझ्याकडं भरपूर आलीय. तुमच्याकडं?"

"थोडी कमी."

"घ्या मग ओढून. अहो, केवढी ओढली. द्या थोडी इकडं."

"आता?"

"आता बसली."

चैत्राच्या आधी शेठने कॅसेट दुकानात लावली आणि फोनवरून इतक्या मोठ्याने "पास" म्हणाले की ते मलासुद्धा आमच्या घरात ऐकू आले. गडाच्या पायथ्याशी ती कॅसेट लागली आणि वर्षाचे काम काकांकडेच राहिले.

परंतु एकदा जाहीर केलेले बहिरेपण मागे घेता येत नाही. बातमी रविवार कारंजापासून ओझरपर्यंत गेली. कारखान्यातले जुने मित्र मुद्दाम भेटायला आले आणि "इंजिनापाशी तू कधी होतास रे?" असे विचारू लागले, काकांनी त्यांना ऐकू न आल्याचे दाखवले, आणि त्या क्षणी तरी ते सोंग त्यांच्या उपयोगी पडले. एका शाळेने आपली समूहगीते दुसरीकडे नेली. गल्लीतली माणसे काकांशी उजव्या बाजूला येऊन, सावकाश, हातवारे करून बोलू लागली. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे, दुसऱ्याच्या घरचा स्पीकर सरळ करण्याचा त्यांचा अधिकार गेला. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा कर्णा पार जिन्याकडे तोंड करून होता. काका त्याच्याकडे एकटक पाहत राहिले, हातातला प्रसाद संपवला आणि उजवा कान पुढे करून म्हणाले, "छान ऐकू येतंय." असा यातनामय शिष्टाचार मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

काकूंचे मात्र उलटे झाले. आपला दोष एकटीचा नाही म्हटल्यावर त्यांनी तो उघड्यावर आणला. "इकडून बोल गं, तो कान सुट्टीवर आहे," असे त्या बिनदिक्कत सांगू लागल्या. तपासणीसाठी त्या स्वतःहून डॉक्टरकडे गेल्या आणि काकांनाही चला म्हणून मागे लागल्या. काका दर वेळी काहीतरी निमित्त काढत. त्या निमित्तांची एक संपूर्ण शाखा मला अभ्यासता आली असती.

मला संशोधन संस्थेत प्रवेश मिळाला आणि नाशिक सोडायची वेळ आली. निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला मागच्या खोलीत गेले. दोघे समोरासमोर बसून एका लग्नाच्या गाण्याची घडी घालत होते. गाणे नुकतेच थांबले होते. काकांची पाठ दाराकडे होती.

प्रयोग करण्याचा मोह मला आवरला नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काका, मी निघते."

काका वळले नाहीत. माउसवरचा त्यांचा हात स्थिर होता आणि नजर पडद्यावरच्या लाटांवर. काकूंनी माझे ओठ हललेले पाहिले. त्या उठल्या, काकांच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अहो, पोरगी निघाली. निरोप घ्यायला आलीय."

"हो का?" म्हणत काका वळले. "अगं, कधी आलीस? कळलंच नाही मला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. डोळे भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ काकूंच्या वाक्यानंतर गेलेला नव्हता.